मुलाला एकदाच सांगावं लागेल, यासाठी शिक्षकाने काय करायचं

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडता माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "टीचर, मी आज शाळेतच थांबू का?" मी कारण विचारलं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. घरी राहायला आलेल्या एका नातेवाइकाबद्दल होतं ते. मी घाबरले आणि तिचा हात धरून तिला ऑफिसात नेलं. "मला सांगितलंस ते सरांना सांग." तिने सांगितलं. सरांनी आणखी दोघींना बोलावलं, त्यांच्यासमोर पुन्हा. मग आईला फोन करून बोलावून घेतलं आणि आईसमोर पुन्हा विचारलं. चौथ्या खेपेला ती फरशीकडे बघत म्हणाली, "मी खोटं बोलले." ऑफिसातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या सोमवारपासून ती शाळेत आली नाही. महिन्याभराने तिचा दाखला न्यायला कुणीतरी आलं.

ती खोटं बोलली नव्हती, हे मला त्या दिवशीही कळत होतं. चार मोठ्या माणसांनी तिला चार वेळा तेच सांगायला लावलं, तेव्हा तिने त्यातून सुटायची एकच वाट धरली. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.) त्यानंतर मी शिकत गेले, चुकत गेले, वकिलांना आणि बालकल्याण समितीतल्या (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लोकांना विचारत गेले. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच हिशेब आहे: मुलाला ती गोष्ट शक्य तितक्या कमी वेळा सांगावी लागली पाहिजे.

आधीची तयारी

हे काम प्रसंग आल्यावर सुरू करता येत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करून ठेवा.

हजेरीपटाच्या आतल्या पानावर नंबर लिहा: १०९८ ही मुलांसाठीची मोफत, चोवीस तासांची हेल्पलाइन, ११२ हा तातडीचा नंबर, शाळा ज्यांच्या हद्दीत येते ते पोलीस ठाणे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती. शेवटचे दोन नंबर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून मिळतात. लावून बघा, कुणी उचलतं का ते पाहा. ऐन वेळी बंद नंबर हाती असला तर फार महागात पडतं.

दुसरं, बोलायला एक जागा ठरवा. ती बंद खोली नको. दार उघडं ठेवता येईल, लोकांना आपण दिसू पण आपलं बोलणं ऐकू जाणार नाही, अशी. आमच्याकडे ती वाचनालयातली खिडकीजवळची जागा आहे. तिसरं, एक वही घ्या, सुटे कागद नकोत. ती कुलपात ठेवायची.

काय दिसतं

मी नवी मुंबईच्या दिघा-ऐरोली पट्ट्यात शिकवते. आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या आया पहाटेच उठून ऐरोलीच्या सेक्टरांत घरकामाला जातात, वडील टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत पाळीवर. शाळा सुटल्यावर मूल दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या भरवशावर. पण हा प्रश्न फक्त वस्तीतला आहे असं समजू नका. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये आणि वाशीच्या सोसायटीतही क्लासचे सर असतात, लिफ्ट असते, सुट्टीत येऊन राहणारा मोठा भाऊ असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला, त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. आणि त्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य आपण शिक्षकखोलीतून हद्दपार करायला हवं.

एकाच खुणेवरून काही ठरवू नका. मुलातला बदल बघा. बोलकं मूल गप्प होतं, किंवा शांत मूल अचानक दुसऱ्यांना मारायला लागतं. पाचवीतलं मूल पुन्हा चड्डीत शू करायला लागतं. बाकावर नीट बसत नाही, एका बाजूला कलतं. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढत नाही. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायला नको म्हणतं. शाळा सुटली तरी दप्तर भरत नाही. घरच्यांना परवडणार नाही असा मोबाइल हातात दिसतो आणि कुणी दिला विचारलं की नजर चुकवतं. दर सोमवारी गैरहजर. सातवी-आठवीतली मुलगी दिवाळीनंतर 'गावी गेली' आणि मैत्रिणी सांगतात की साखरपुडा झाला, हेही याच वहीत यायला हवं, कारण अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न हा गुन्हा आहे.

मारहाणीत खूण आणि सांगितलेलं कारण जुळतं का ते पाहा. पडल्यावर गुडघे, कोपर, कपाळ खरचटतं. पाठीवर, मांडीच्या मागे, कानामागे वळ उठत नाहीत. लांबट वळ, गोल डाग दिसला की तारीख घालून लिहून ठेवा. पण कपडे वर करून बघू नका आणि फोटो काढू नका. ते डॉक्टरांचं काम आहे.

पहिली दहा मिनिटं

सगळ्यात जास्त इथेच बिघडतं, म्हणून यावर जरा थांबते.

मूल आपल्याला सोयीच्या वेळी सांगत नाही. पेपर गोळा करताना सांगतं, जिन्यात सांगतं, सहलीच्या बसमध्ये सांगतं. हातातलं काम खाली ठेवा. "मधल्या सुट्टीत ये" म्हटलं तर मधल्या सुट्टीत ते येत नाही. मुलाच्या उंचीला बसा. जवळ घ्यायचं असेल तर आधी विचारा, कारण त्या दिवशी कुणाचाही स्पर्श त्याला नको असू शकतो.

आपल्या तोंडून पटकन निघणारी काही वाक्यं आहेत: "असं कसं होईल?", "तू तिथे गेलीसच कशाला?", "आधी का नाही सांगितलंस?", "ते तर चांगले आहेत गं." यातलं प्रत्येक वाक्य मुलाला सांगतं की चूक तुझी आहे. त्याऐवजी एवढंच म्हणा: "तू मला सांगितलंस, बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

मूल हमखास म्हणतं, "टीचर, कुणाला सांगू नका हं." इथे "नाही सांगणार" असं वचन देण्याचा मोह होतो. देऊ नका. ते वचन तुम्हाला मोडावं लागणार आहे, आणि मोडलं की त्या मुलाचा शेवटचा आधार गेला. मी असं सांगते: "हे मी एकटीने माझ्याजवळ ठेवू शकत नाही. तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन." आजवर एकही मूल हे ऐकून उठून गेलेलं नाही.

प्रश्न किती विचारायचे? आज काय करायचं हे ठरवण्यापुरते. काय झालं, तुझ्या शब्दांत सांग. कोण? ती व्यक्ती आज घरी असेल का? कुठे दुखतंय का? शेवटचं कधी झालं? बस. "काकांनीच ना?", "इथे हात लावला का?" असे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न विचारू नका. मुलं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, आणि पुढे कोर्टात बचावाचा वकील हेच पकडतो की बाईंनीच शिकवलं. आमच्या वर्गात मराठी, हिंदी, बंजारा बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. "उसने गंदा काम किया" असं मूल म्हणालं, तर 'गंदा काम' म्हणजे नेमकं काय ते आपण ठरवायचं नाही. "म्हणजे काय केलं?" एवढं एकदा विचारा आणि थांबा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका. दुसऱ्या शिक्षिकेला ऐकायला बोलावू नका. आणि आरोप असलेल्या माणसाला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका. त्याला कळलं की पुरावा जातो आणि त्या रात्री मुलाला मार बसतो.

लिहून ठेवणं

मूल वर्गात गेलं की लगेच, घरी जायच्या आधी, वही उघडा. तारीख, वेळ, जागा, मुलाने आपणहून सांगितलं की तुम्ही विचारलंत. मग मुलाचे शब्द, त्याच्या भाषेत, अवतरणचिन्हांत. मूल ज्या अवयवाला 'शूची जागा' म्हणालं, तिथे तेच लिहा, शुद्ध शब्द घालू नका. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर वेगवेगळं लिहा. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर 'माझं निरीक्षण' असं वेगळं लिहा. खाली सही. चूक झाली तर एक रेघ मारा, व्हाइटनर लावू नका.

याच पानामुळे मुलाचे शब्द शाळेत पुन्हा पुन्हा काढावे लागत नाहीत. मुख्याध्यापकांनी मुलाला बोलवा म्हटलं, तर पान पुढे करा आणि सांगा, "सर, मुलीने सांगितलेलं सगळं यात आहे. तिला पुन्हा विचारायला नको."

आज रात्री मूल कुठे झोपणार?

कळवण्याच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. आरोप घरातल्या माणसावर असेल, तर घरी फोन करण्याआधी १०९८ ला किंवा पोलिसांना फोन करा. मुलाला काळजी आणि संरक्षणाची तातडीने गरज आहे असं पोलिसांना वाटलं, तर चोवीस तासांत निवारा किंवा रुग्णालयाची सोय करणं ही त्यांची जबाबदारी आहे, आणि चोवीस तासांतच त्यांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाला तुमच्या घरी घेऊन जाऊ नका. मनात कितीही आलं तरी नाही. त्यातून मुलाचीही आणि तुमचीही अडचण वाढते.

घटना गेल्या तीन दिवसांतली असेल तर वेळ फार मोलाचा आहे. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचलं तर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं देता येतात, नको असलेल्या गर्भधारणेवरही औषध असतं. मुलाला अंघोळ घालायला किंवा कपडे धुवायला सांगू नका. त्या वेळचे कपडे असतील तर कागदी पिशवीत ठेवायला सांगा, प्लास्टिकमध्ये नको. जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, जे जवळ असेल ते. पीडित मुलावर उपचार करायला कुठलंही सरकारी किंवा खासगी रुग्णालय नकार देऊ शकत नाही आणि पैसे मागू शकत नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असायला हवी. ती व्यक्ती तुम्हीही असू शकता.

आईवर संशय नसेल तर तिला त्याच दिवशी एकटीला बोलावून सांगा. पाणी द्या, बसवा. ती पहिल्यांदा चिडेल, मुलीवरच ओरडेल, "बाई, मिटवा हो, भाडं कोण भरणार" असंही म्हणेल. तिच्या भीतीला नावं ठेवू नका. अत्याचार झालेल्या स्त्रिया-मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, हे तिला कागदावर लिहून द्या, कारण त्या क्षणी ऐकलेलं तिच्या डोक्यात राहणार नाही.

कळवणं

पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांच्या आतल्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. खात्री होईपर्यंत थांबायचं नाही, पुरावा गोळा करायचा नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. ही जबाबदारी ज्याला कळलं त्याची आहे. "मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं" एवढ्याने ती संपत नाही. मुख्याध्यापकांना सांगा, त्यांची पोच घ्या, ते सोबत आले तर उत्तम. नाही आले तर स्वतः जा.

आमच्याकडे हद्दीचा प्रश्न नेहमीचा आहे. विटावा ठाणे शहरात, त्याला लागून दिघा नवी मुंबईत. मूल राहतं एका पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, शिकतं दुसऱ्याच्या. "हे आमच्याकडे येत नाही" असं ऐकावं लागलं तर शांतपणे झिरो एफआयआर म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. फिर्याद देणाऱ्याला प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

मुलाला पोलीस ठाण्यात न्यायची गरज नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, विश्वासातल्या माणसासमोर. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. बहुतेक अधिकाऱ्यांना हे माहीत असतं, गडबडीत राहून जातं.

घरातली मारहाण, उपासमार, कामाला जुंपणं हे पॉक्सोत बसत नाही, पण बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये मुलाशी क्रूरता हा गुन्हा आहे. अशा वेळी मी १०९८ आणि बालकल्याण समिती ही वाट धरते. पहिल्यांदाच हात उगारलेल्या बापाशी पालकसभेनंतर बोलून फरक पडलेला मी पाहिला आहे, पण वळ दिसायला लागले की समजावण्याची वेळ संपली.

मोबाइलवरून धमकी, फोटो, व्हिडिओ असेल तर एक पथ्य काटेकोर पाळा. 'पुरावा म्हणून' तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवू नका, मुख्याध्यापकांना पाठवू नका. मुलाचा असा फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. फोन आहे तसा पोलिसांना दाखवायचा.

आरोपी शाळेतलाच असेल तर

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापुरात, चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं प्रकरण पुढे आलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा नोंदला गेला. आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला: शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, आणि घटना घडल्यास चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं. आठवड्यातून किमान तीन वेळा मुख्याध्यापकांनी सीसीटीव्हीचं चित्रीकरण तपासावं, असंही त्यात आहे.

तुमच्या शाळेत ही समिती कागदावर आहे की बसते, हे या आठवड्यात विचारा. पेटीची किल्ली कुणाकडे आहे, पेटी कुणासमोर उघडते, तेही. पेटी मुख्याध्यापकांच्या दारात लावली असेल तर कुठलंही मूल तिच्यात चिठ्ठी टाकणार नाही. शाळेत एकदा पहिलीच्या उंचीने फिरा: मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागते का, साफसफाई कोण आणि कोणत्या वेळी करतं, मागचा जिना दुपारी कुलूपबंद असतो का, व्हॅनमध्ये शेवटी उतरणारं मूल कोण.

सहकाऱ्यावर आरोप आला की शिक्षकखोली दोन भागांत फुटते. वीस वर्षं ओळखते मी त्यांना, असं कुणीतरी म्हणतंच. ओळख आपली असते, प्रसंग मुलाचा असतो. चौकशी समिती नेमू आणि मग बघू, असं म्हणण्याचा अधिकार शाळेला नाही. आधी पोलीस. खात्याची चौकशी त्यानंतर.

आणि आपल्या हातातली छडी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ज्या वर्गात मार बसतो, त्या वर्गातलं मूल मारणाऱ्या मोठ्या माणसाविरुद्ध दुसऱ्या मोठ्या माणसाकडे तक्रार घेऊन येत नाही.

वर्गात काय शिकवायचं

सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श वर्षातून एकदा, पाहुण्यांना बोलावून, फलक लावून शिकवला की काम झालं असं होत नाही. परिपाठात महिन्यातून पाच मिनिटं पुरतात. लहानांना अवयवांची साधी नावं सांगा. पोहण्याच्या कपड्यांनी जे झाकलं जातं ते माझं, असं सांगा. 'नाही' म्हणायला शिकवा, पण त्यासोबत हेही सांगा की भीतीने नाही म्हणता आलं नाही तरी चूक तुझी नाही. गुपितांचे दोन प्रकार सांगा: आईच्या वाढदिवसाचं गुपित पोटात गुदगुल्या करतं, ज्या गुपिताने पोटात दुखतं ते ठेवायचं नाही. 'अनोळखी माणसांपासून सावध' एवढंच शिकवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. प्रत्येक मुलाला विश्वासातल्या पाच मोठ्या माणसांची नावं बोटांवर मोजायला लावा. ज्याची बोटं पूर्ण होत नाहीत, त्याच्याकडे पुढचे काही महिने लक्ष ठेवा.

नंतरचे महिने

गुन्हा नोंदला की आपलं काम संपल्यासारखं वाटतं. मुलाच्या दृष्टीने ते तेव्हा सुरू होतं. त्याचं नाव, वर्ग, वस्ती कुठेही येऊ देऊ नका, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. वर्गातली मुलं विचारतील, त्यांना "ती बरी नाही, ती आली की आपण नेहमीसारखं वागायचं" एवढं पुरतं. बालकल्याण समिती तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी सहायक व्यक्ती नेमू शकते. ती नेमली आहे का, हे आईला विचारायला सांगा. नवव्या-दहाव्या इयत्तेतलं मूल असेल तर बुडालेला अभ्यास, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती हे कुणीतरी धरून ठेवायला हवं, आणि ते वर्गशिक्षकच करू शकतो.

ती परत येईल त्या दिवशी तिची जागा तशीच ठेवा. तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या बाकावर हलवू नका. हजेरी घेताना तिच्या नावाशी क्षणभरही थांबू नका, आधीच्या नावाच्या सुरातच घ्या.

साक्षीसाठी समन्स येईल. कायद्यात खटला शक्यतो एका वर्षात संपवायचं म्हटलं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतो. तोवर तुमची बदली झालेली असेल. म्हणून ती वही बदलीच्या वेळी शाळेत रीतसर सोपवा, संबंधित पानाची साक्षांकित प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि कोर्टात जाण्याच्या आदल्या रात्री ती वाचून काढा. तिथे उभ्या असलेल्या त्या मुलीला तुम्ही दिसायला हवात.